चालत्या महामार्गाचं रुंदीकरण: जुन्या-नव्याच्या सांध्यावरची नोकरी

मोकळ्या माळावर नवा महामार्ग बांधणं वेगळं आणि शहराच्या मधोमध वाहता महामार्ग रुंद करणं वेगळं. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. थर तेच, यंत्रं तीच, माणसंही बऱ्याचदा तीच. पण माळावर संध्याकाळी रोलर जागच्या जागी उभा करून घरी जाता येतं. शहरात रात्री उशिरा ताब्यात घेतलेला रस्ता पहाटे परत द्यावा लागतो, आणि तोही गाड्या जाऊ शकतील अशा अवस्थेत. मी दोन्ही प्रकारची कामं केली आहेत. इथे लिहितेय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल.

मी साइट इंजिनिअर होते त्या कामात चार पदरी महामार्गाचे सहा पदर करायचे होते. दोन्ही बाजूंना सेवा रस्ते, पावसाच्या पाण्याची गटारं, पदपथ आणि मधल्या मोठ्या चौकावर उड्डाणपूल. मूळ रस्ता शहराला वळसा घालून जावा म्हणून बांधलेला. मग शहर त्याच्या दोन्ही अंगांना वाढलं आणि वळसा शहराच्या पोटात आला. बहुतेक शहरी महामार्गांची जन्मकथा हीच असते. त्यामुळे अशा रस्त्याकडून एकाच वेळी दोन अपेक्षा असतात. लांबून आलेला ट्रक न थांबता पुढे जायला हवा, आणि एका बाजूला राहणाऱ्या मुलाला दुसऱ्या बाजूच्या शाळेत सुखरूप पोचता यायला हवं. सहा पदरांचा नकाशा काढणारे पहिल्या अपेक्षेचा विचार करतात. दुसरी अपेक्षा काम सुरू झाल्यावर रोज साइट ऑफिसच्या दारात येऊन उभी राहते.

सुरुवात मोजणीने होते. सलग सात दिवस, चोवीस तास, प्रत्येक प्रकारचं वाहन वेगळं मोजायचं. शिवाय काही ट्रक बाजूला घेऊन प्रत्येक अ‍ॅक्सलवरचं, म्हणजे समोरासमोरच्या चाकांना जोडणाऱ्या आसावरचं, वजन घ्यायचं. ट्रकवाल्यांचा राग येतो तो इथे, कारण त्यांना वाटतं दंड होणार. दंडाशी आमचा संबंध नसतो, पण हे पटवण्यात अर्धा दिवस जातो. वजनाचा हा आग्रह कशासाठी, ते १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ झालेल्या एका प्रचंड चाचणीतून आलं आहे. तिथे मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांच्या वळशांवर लष्करी चालकांनी दोन वर्षं ट्रक फिरवले, रस्ते तुटेपर्यंत. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा, की अ‍ॅक्सलवरचा भार वाढतो त्याच्या चौथ्या घातात नुकसान वाढतं. भार दुप्पट, तर नुकसान साधारण सोळापट. म्हणजे कारच्या रांगा रस्ता तुंबवतात, पण रस्ता मोडतात ते भरलेले ट्रक आणि बस. थरांची जाडी त्यांच्या हिशेबाने ठरते. कार त्या गणितात जवळजवळ नसतातच.

जुना रस्ता किती दमदार उरला आहे हे पाहण्यासाठी पूर्वी बेंकेलमन बीम वापरत. भरलेल्या ट्रकच्या जोडचाकांमध्ये लांब दांड्याचं टोक ठेवायचं, ट्रक पुढे न्यायचा आणि दबलेला रस्ता किती वर आला ते डायलवर वाचायचं. आता ट्रेलरवर बसवलेलं यंत्र वजन आपटतं आणि सेन्सर रस्त्याचं दबणं टिपतात. आमच्या आलेखात एक गोष्ट उघड दिसली. बाजूचं गटार वाहतं होतं तिथे दशकांचा जुना रस्ता अजून ठणठणीत होता. गटार तुंबलं होतं किंवा कुणीतरी दुकानापुढे स्लॅब टाकून बुजवलं होतं, तिथे त्याच वयाचा, त्याच जाडीचा रस्ता खालून मऊ पडला होता. पुढची सगळी आखणी या आलेखावर झाली. कुठे नुसतं वरचं डांबर खरवडून नवा थर द्यायचा आणि कुठे मुळापासून उकरायचं, हे त्यावरून ठरलं.

मग आली जमीन. म्हणजे जमिनीखालची जमीन.

शहरातल्या प्रत्येक रस्त्याखाली काय काय गेलंय याचा नकाशा असतो. तो कोणी आणि कधी काढला, हे एखाद वेळेस कोपऱ्यात लिहिलेलं सापडतं. त्यानंतर किती वेळा खोदलं गेलं, हे मात्र कुठेच नसतं. आम्ही ढकलगाडीसारखं रडार यंत्र फिरवलं. ते जमिनीत लहरी सोडतं आणि परत येणाऱ्या लहरींवरून पाइप-केबलचा माग काढतं. कोरड्या मुरमात छान चालतं. ओल्या चिकणमातीत लहरी विरून जातात आणि पडद्यावर नुसता गोंधळ दिसतो. आमची अर्धी लांबी चिकणमातीची. म्हणून शेवटी जुनाच उपाय केला, चाचणीखड्डे. रस्त्याला आडवा अरुंद चर, कुदळ-फावड्याने, हाताने खोदलेला. असा चर झाल्याशिवाय त्या पट्ट्यात जेसीबी लावायचा नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून होता आणि ठेकेदाराच्या माणसांना तो अजिबात आवडत नव्हता. एका चरात नकाशावर नसलेला बिडाचा जाड पाइप लागला. पाणीवाले म्हणाले आमचा नाही. सांडपाणीवाले म्हणाले बिडाचा आम्ही टाकतच नाही. गॅसवाल्यांनी दुरूनच मान हलवली. पाइप सुरू आहे की मेलेला, हे कळल्याशिवाय पुढे जाता येईना. तेव्हा आमच्या मुकादमांनी लोखंडी सळीचं एक टोक पाइपावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि बराच वेळ तसेच बसून राहिले.

“मॅडम, पाणी चालतंय ह्यातून.”

“नक्की, मुकादम?”

“तुम्ही ऐका की.”

मी ऐकलं. बारीक, अखंड घरघर होती. पुढे कळलं, की जवळच्या एका जुन्या वसाहतीची ती मुख्य जलवाहिनी. इतकी जुनी, की तिचे कागद दोन कार्यालयांच्या विभागणीत कुठेतरी राहून गेले होते. गळती शोधणारे कर्मचारी अशीच सळी किंवा लाकडी दांडा वापरतात, हे मला नंतर समजलं.

लाइन हलवण्याला एक क्रम असतो आणि तो मोडता येत नाही. आधी मलवाहिनी, कारण ती उताराने वाहते. तिला वर-खाली किंवा आडवंतिडवं वळवता येत नाही, शिवाय ती सगळ्यात खोल. तिच्या वर जलवाहिनी. ती दाबाखाली असते, म्हणून थोडी वाकडी चालते. मग केबल, ज्यांना कसंही वळवता येतं. पण प्रत्यक्षात केबलवाले सगळ्यात आधी परवानगी घेऊन येतात आणि मलवाहिनीचं टेंडर सगळ्यात शेवटी निघतं. रस्त्याच्या कामाचा निम्मा काळ काहीच होत नाही असं लोकांना वाटतं, तो काळ हा असतो. बॅरिकेडच्या आत एक खड्डा आणि त्याच्याभोवती चार खात्यांची माणसं. एका ठिकाणी आमचं नवं गटार आणि जुनी मलवाहिनी एकाच पातळीवर समोरासमोर आली. दोघींपैकी कुणाला उतार सोडता येईना. शेवटी गोल पाइप काढून तेवढंच पाणी नेणारी बसकी, रुंद पेटी घातली आणि ती मलवाहिनीच्या डोक्यावरून नेली. नकाशावर ही दुरुस्ती दोन रेघांची आहे. ती मंजूर व्हायला लागला तेवढ्या वेळात आमची दुसरी तुकडी एक मोरी पूर्ण करून मोकळी झाली.

या सगळ्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे रिकामे पाइप. ठरावीक अंतरावर रस्त्याखालून आडवे, दोन्ही तोंडं बंद केलेले पाइप टाकून ठेवायचे. पुढेमागे कुणाला केबल न्यायची झाली तर रस्ता न फोडता त्यातून ओढता यावी म्हणून. बिलं तपासणाऱ्या एका अधिकाऱ्यांनी विचारलं होतं, “यात काय टाकलंय?” “काही नाही,” म्हटल्यावर त्यांनी त्या नोंदीवर शाईने प्रश्नचिन्ह काढलं. ते बिल पुढे निघालं, पण बरंच रेंगाळून.

आता मूळ मुद्दा, सांधा. रुंदीकरण म्हणजे जुन्या रस्त्याच्या कडेला नवी पट्टी जोडणं, असं बाहेरून वाटतं. जुन्या रस्त्याखालचा भराव वर्षानुवर्षं वाहनांच्या वजनाने दबलेला असतो. त्याला जेवढं खचायचं होतं तेवढं तो खचून झालाय. शेजारी आपण टाकतो तो भराव कोरा. त्याचं खचणं अजून व्हायचंय. धुऊन आटलेल्या कापडाला कोऱ्या कापडाचा पट्टा शिवला, की पहिल्या धुण्यात शिवण ओढली जाते आणि तिथेच फाटतं. रस्त्यात ही फाट लांबच लांब, गाडीच्या दिशेने जाणारी भेग म्हणून दिसते. भेगेतून पाणी आत जातं आणि पुढचं काम पाणी करतं.

म्हणून जुन्या भरावाच्या उतारावर सरळ माती टाकायची नसते. त्या उताराची वरची कातडी नेहमी भुसभुशीत असते. मूळ बांधकामात रोलर कडेपर्यंत गेलेला नसतो, वर झुडपांची मुळं, कचरा, राडारोडा. ती सगळी काढून जुन्या भरावात पायऱ्या कापायच्या. पायरी इतकी रुंद हवी, की नवा थर जुन्या दबलेल्या मातीवर नीट टेकेल आणि त्यावर यंत्र उभं राहू शकेल. मग साधारण २० सेंटिमीटरचे सैल थर, पाणी, दबाई, चाचणी, पुढचा थर. पाण्याचं प्रमाण हा यातला कळीचा भाग. आर. आर. प्रॉक्टर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९३३ मध्ये मातीच्या धरणांच्या निमित्ताने दाखवून दिलं, की प्रत्येक मातीला एक ठरावीक ओल असते. त्या ओलीवर तेवढ्याच दबाईत ती सर्वांत जास्त घट्ट बसते. ओल कमी असली तर कण एकमेकांवरून सरकत नाहीत. जास्त झाली तर पाणीच जागा अडवतं आणि रोलर गादीवरून चालल्यासारखा डुलतो. प्रयोगशाळेतला हा आलेख साइटवर टँकरच्या नळाशी येऊन थांबतो. आमचा टँकरवाला माती मुठीत दाबून, सोडून, पाहून नळ बंद करायचा. त्याचा अंदाज आणि प्रयोगशाळेचा आकडा यांत क्वचितच फरक पडला, तरी चाचणी प्रत्येक थराला होत होतीच. छोटा खड्डा करून निघालेली माती तोलायची, माहीत असलेल्या घनतेच्या वाळूने खड्डा भरून आकारमान काढायचं. ठरलेल्या घनतेला पोचला नाही तर तो थर परत.

अडचण पायरीच्या आतल्या कोपऱ्यात असते. मोठा रोलर जुन्या कापावर घासेल म्हणून ऑपरेटर हातभर अलीकडे थांबतो. तेवढी पट्टी छोट्या रॅमरने ठोकायची. कंटाळवाणं काम, आवाज डोकं उठवणारा, आणि एकदा वरचा थर पडला की कुणी ते केलं की नाही हे कधीच कळत नाही. मुकादमांचं म्हणणं, “रस्ता मधे कधी फाटत नाही मॅडम, जिथं माणूस कंटाळतो तिथं फाटतो.” मी चाचणीखड्ड्याची जागा सांगताना मुद्दाम त्या हातभर पट्टीतली सांगू लागले. पहिले काही दिवस खूप थर परत गेले. मग रॅमरचा आवाज न सांगता सुरू झाला.

एका पट्ट्यात पायऱ्याही पुरेशा नव्हत्या. तिथे पूर्वी ओढ्याचं पात्र होतं आणि मूळ जमीनच मऊ. तिच्यावर कितीही उत्तम भराव टाकला तरी खालची चिकणमाती हळूहळू पाणी सोडत वर्षभर खचत राहणार. उपाय सोपा आणि लोकांच्या दृष्टीने लाजिरवाणा. रस्त्याच्या पातळीच्या वर आणखी मातीचा ढीग रचायचा आणि काही महिने तसाच सोडायचा. त्या जादा वजनाने जे खचायचं ते आत्ताच खचतं. ढिगाखाली पुरलेल्या सपाट प्लेटांना जोडलेल्या, वर आलेल्या नळ्यांच्या टोकांची पातळी आम्ही नियमित घेत होतो. आलेख आधी झपाट्याने खाली जातो, मग सपाट होऊ लागतो. तो सपाट झाला की ढीग काढायचा. तोपर्यंत तिथे एकही मजूर दिसत नाही. “माती टाकून पळाले” हे वाक्य मी त्या काळात इतक्या जणांकडून ऐकलं, की शेवटी ढिगाजवळ फलक लावला: ‘जमीन दबण्यासाठी हा भराव मुद्दाम ठेवला आहे.’ त्यावर कुणीतरी खडूने लिहून गेलं, ‘आम्ही पण दबलोय’. फलक आम्ही पुसला नाही.

डांबराच्या थरातही सांधा असतोच, आणि तो टाळण्याचा मार्ग शहरात बंद असतो. दोन पेव्हर, म्हणजे डांबर पसरवणारी यंत्रं, तिरके, मागे-पुढे चालवून पूर्ण रुंदी एकदम टाकली तर दोन्ही पट्टे गरम असतानाच एकजीव होतात. पण आपल्याकडे अर्धा रस्ता वाहतुकीला दिलेला. म्हणून एक पट्टा आज, शेजारचा काही दिवसांनी, थंड कडेला लागून. मग त्या थंड कडेचा सैल भाग कापून सरळ उभी कड करायची, तिला डांबराचा हात द्यायचा, नवा पट्टा तिच्यावर किंचित चढवून टाकायचा आणि रोलर आधी सांध्यावर घ्यायचा. खालच्या आणि वरच्या थराचा सांधा एकाच रेषेत येऊ द्यायचा नाही, वीतभर तरी सरकवायचा. सगळ्यात वरचा सांधा दोन पदरांमधल्या पांढऱ्या पट्ट्याखाली यायला हवा, चाकाखाली नाही. हे ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण यासाठी शेवटी रंगवायचे पट्टे कुठे येणार हे पहिला खालचा थर टाकण्याआधी पक्कं असावं लागतं. आमच्याकडे बसथांब्याची जागा मध्येच हलली, तेव्हा सगळ्या थरांच्या सांध्यांची आखणी पुन्हा करावी लागली. थांबा हलवण्याचा निर्णय एका बैठकीत, काही मिनिटांत झाला होता.

गरम डांबराचं गणित तापमानाचं. प्लांटमधून मिश्रण साधारण १५० ते १६५ अंश सेल्सिअसला निघतं आणि १०० अंशांच्या आसपास येण्याआधी मुख्य दबाई उरकावी लागते. त्यानंतर रोलर कितीही फिरवला तरी वरून चकाकी येते, आतल्या पोकळ्या तशाच राहतात. थर पातळ आणि वारा जोरात असेल तर मिळणारी मिनिटं मोजकीच. आता गंमत पाहा. आमच्या कामामुळे कोंडी व्हायची आणि त्याच कोंडीत आमचे डम्पर अडकायचे. एका रात्री एक डम्पर बराच उशिरा पोचला. ताडपत्री काढली, थर्मामीटर खुपसला. आकडा पाहून मी मान हलवली.

“मॅडम, वाटेत ट्रॅफिक होतं. आमची काय चूक?” ड्रायव्हर म्हणाला.

“तुमची चूक नाही दादा. पण हा माल लागणार नाही.”

“निम्मा तरी घ्या. आत गरम आहे.”

आत खरंच थोडं गरम होतं. पण गरम-थंड मिसळून टाकलेल्या मालाचे चट्टे सहा महिन्यांत नेमके दिसून येतात. डम्पर परत गेला. ठेकेदाराच्या मॅनेजरनी माझ्याशी आठवडाभर कामापुरतंच बोलणं ठेवलं. त्यानंतर डम्परच्या वेळा सिग्नलच्या वेळापत्रकाशी जुळवून लावल्या गेल्या, आणि त्या त्यांनीच बसून लावल्या, हेही सांगायला हवं.

रस्त्याची पातळी या विषयावर खरं तर वेगळं लिहायला हवं. दर काही वर्षांनी जुन्यावर नवा थर टाकत गेल्याने रस्ता वर चढत जातो आणि कडेची घरं खड्ड्यात जातात. पायरी चढून ज्या दुकानात जायचं तिथे आता पायरी उतरून जावं लागतं, आणि पाऊस त्याच पायरीने आत शिरतो. म्हणून वरचं डांबर मिलिंग मशीनने खरवडून तेवढ्याच जाडीचा थर देणं हाच शहरातला शहाणपणा. खरवडलेलं डांबर वाया जात नाही, प्लांटमध्ये नव्या मिश्रणात त्याचा काही भाग वापरता येतो. खर्चाच्या तक्त्यात मात्र मिलिंग ही ‘कमी करता येण्याजोगी’ बाब म्हणून सारखी वर येते. मी दर वेळी जोत्यांच्या पातळ्यांचा तक्ता पुढे करायचे. तो तक्ता करायला आम्ही कडेच्या प्रत्येक दाराच्या उंबऱ्यावर लेव्हलची पट्टी धरली होती, आणि या एका कामासाठी लोकांनी आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या.

वाहतूक वळवण्याचा आराखडा टप्प्यांचा असतो. आधी कडेचे सेवा रस्ते आणि गटारं पूर्ण करायची, त्यांवर वाहतूक घ्यायची, मग मधला रस्ता मोकळा करून उड्डाणपुलाचे खांब. हा क्रम उलटा करण्याचा मोह फार होतो, कारण खांब दिसतात, फोटोत येतात, आणि गटार दिसत नाही. आमच्याकडे तो मोह टळला, याचं श्रेय वाहतूक पोलिसांना. सेवा रस्ता चालू झाल्याशिवाय मधे एक बॅरिकेडही लावू देणार नाही, असं त्यांनी लेखी दिलं. पादचाऱ्यांसाठी मात्र कुणी असं लेखी देत नाही. प्रत्येक टप्प्यात गाड्यांसाठी बाण, दिवे, निमुळता होत जाणारा पट्टा असं सगळं आखलेलं असतं आणि चालणारा माणूस बॅरिकेड आणि बसच्या मधल्या फटीतून वाट काढतो. आम्ही पुढे चालण्याची वाट आधी आखून मग बॅरिकेड लावायला सुरुवात केली. काम मंदावलं का? थोडं. पण बॅरिकेड रात्रीतून सरकवली जाणं जवळपास थांबलं. लोक ती सरकवत होते ते वाट नसल्यामुळे.

चौकात आणि बसथांब्यांवर डांबराऐवजी काँक्रीट केलं. ब्रेक लावणाऱ्या आणि उभ्या राहणाऱ्या बसखाली डांबर उन्हात पुढे ढकललं जातं, त्याला लाटा येतात. काँक्रीटचा त्रास वेगळा. ते आकसतं आणि तडकणारच. तडा कुठे जाणार एवढं फक्त आपल्या हातात. म्हणून ओतल्यावर काही तासांनी, करवत फिरवल्यावर कडा तुटणार नाहीत इतकं घट्ट आणि स्वतःहून तडकलेलं नाही इतकं कोवळं असताना, साधारण साडेचार-पाच मीटरवर जाडीच्या पाव ते एक तृतीयांश खोल काप घ्यायचे. ही वेळ हवेवर ठरते आणि हमखास मध्यरात्रीनंतर येते. कापाखाली गुळगुळीत जाड सळया असतात. त्या एका बाजूने पक्क्या, दुसऱ्या बाजूने सरकत्या, म्हणजे स्लॅब आकसू शकते पण चाकाचा भार शेजारच्या स्लॅबला पोचतो. सळ्या किंचित जरी तिरक्या बसल्या तरी सरकत नाहीत आणि स्लॅब दुसरीकडे तडकते. इथे पुन्हा सांधाच. रस्त्यातला कुठलाही बिघाड घ्या, मागे जात जात तुम्ही बहुतेक वेळा कुठल्या तरी सांध्याशी येऊन पोचता: पूल आणि भराव यांच्यामधला, काँक्रीट आणि डांबर यांच्यामधला, किंवा एका खात्याची हद्द संपते आणि दुसऱ्याची सुरू होते तिथला.

रस्ता सुरू झाला. मधली लांबी आता झटकन पार होते आणि रांग पुढच्या चौकात लागते, जिथे आमची हद्द संपत होती. यात आश्चर्य काही नव्हतं. अडथळ्याविना वाहणाऱ्या एका पदरातून तासाला साधारण १८०० ते २००० गाड्या जाऊ शकतात. सिग्नलवर हिरवा दिवा चाळीस टक्के वेळ असेल तर त्याच पदरातून जेमतेम चाळीस टक्केच सुटतात. म्हणजे आमचे तीन पदर त्या चौकात सव्वा पदरासारखे चालतात. शिवाय रुंद रस्ता गाड्या ओढून घेतो. अमेरिकन अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच लिहिलं होतं, की गर्दीच्या वेळी शहरी द्रुतगती मार्गावरची वाहतूक त्याची क्षमता भरेपर्यंत वाढत जाते. २०११ मध्ये ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकन शहरांची आकडेवारी तपासून दाखवलं, की महामार्गांच्या पदरांची एकूण लांबी वाढते जवळपास त्याच प्रमाणात वाहनांचा प्रवासही वाढतो. तेव्हा तिसऱ्या पदराने कोंडी कायमची सुटेल असं मी कुणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. सेवा रस्ते, वाहती गटारं, सलग पदपथ आणि ते रिकामे पाइप यांचा उपयोग तिसऱ्या पदरापेक्षा जास्त काळ होईल, असं माझं मत आहे. ते माझ्या वरिष्ठांना मान्य नाही.

पहिल्या पावसाळ्यानंतर आम्ही सगळी लांबी पायी चालून तपासली. मऊ जमिनीच्या त्या पट्ट्यात, जिथे ढीग ठेवला होता, काही नाही. उड्डाणपुलाच्या एका टोकाला भराव थोडा बसलाय, गाडीला हलका झोल जाणवतो. तिथली पातळी दर महिन्याला घेतोय. आणि एका ठिकाणी, बसथांबा हलवला होता त्याच्या थोडं पुढे, सांध्याच्या रेषेत बारीक लांब भेग दिसते आहे. तूर्त ती साफ करून सीलंटने भरली आहे. रस्ता कोरडा झाला की भेगेवरच कोअर, म्हणजे सगळ्या थरांचा गोल नमुना, कापून काढायचा. भेग वरच्या थरापुरती निघाली तर तेवढी पट्टी खरवडून नवा थर द्यावा लागेल. खालून आलेली असेल तर पायरीपर्यंत उकरायचं, आणि त्यासाठी वाहतूक वळवण्याची परवानगी मी आत्ताच मागून ठेवली आहे.